‘इव्हान वासिल्येविच पेशा बदलतो’: स्वप्नाची चौकट आली कुठून?

मॉस्कोतल्या इमारतीचा व्यवस्थापक बुन्शा आणि सोळाव्या शतकातला क्रूरकर्मा रशियन झार ‘भयंकर’ इव्हान. दोघांचं नाव एक, इव्हान वासिल्येविच, वडिलांचं नाव एक, चेहराही एकच. कालयंत्राच्या घोटाळ्यात दोघांची अदलाबदल होते. १९७३ च्या या सोव्हिएत चित्रपटातला पुढचा गोंधळ पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. खटकतो तो शेवट: सगळं कालयंत्र बनवणाऱ्या तरुण शास्त्रज्ञाला पडलेलं स्वप्न निघतं. अनेकांना ही पळवाट वाटते.

पळवाट होतीच, पण चित्रपटाची नव्हे. चित्रपट ज्यावर बेतला ते मिखाईल बुल्गाकोव्हचं मूळ नाटक १९३०च्या दशकातलं. झारवर हसणं तेव्हा सोपं नव्हतं. सत्ताधीशांना त्याच्यात कर्तबगार राज्यकर्ता दिसू लागला होता. याच झारवरच्या आयझेनस्टाइनच्या गंभीर चित्रपटाचा पहिला भाग सरकारी पारितोषिक घेऊन गेला आणि दुसरा १९५८ पर्यंत डब्यात पडून राहिला. तर विनोदी नाटकाची काय कथा! नाट्यगृहाने घाबरून बदल मागितले, नाटककाराने दुसऱ्या खर्ड्यात सगळ्या प्रकाराला स्वप्नाचं रूप दिलं. तरीही मे १९३६ मध्ये रंगीत तालमीनंतर प्रयोगावर बंदी आलीच. नाटककार १९४० मध्ये वारला. नाटक छापून आलं १९६५ मध्ये.

चित्रपटाचा दिग्दर्शक लिओनिद गायदाई याने ही लादलेली चौकट फेकून दिली नाही, उलट तिला रंग दिला. जागेपणीचं मॉस्को कृष्णधवल, स्वप्न रंगीत. माझ्या मते चित्रपटातला सगळ्यात बोचरा विनोद हाच, आणि तो कुणाच्या कात्रीत सापडला नाही.

सेन्सॉरची कात्री चालली ती संवादांवर. पोलीस झारला पत्ता विचारतात तेव्हा त्याने ‘मॉस्को, क्रेमलिन’, म्हणजे थेट सोव्हिएत सत्तेचं केंद्र, असं म्हणायचं होतं. पडद्यावर तो नुसता ‘महालात’ म्हणतो. मेजवानीचा खर्च कोण करणार, या बुन्शाच्या प्रश्नाला ‘जनता, बाबा, जनता’ असं उत्तर होतं. त्याचं झालं, ‘निदान आपण तरी नाही’. त्याच मेजवानीत काळ्या-लाल कॅव्हियारच्या (माशांच्या महागड्या अंड्यांच्या) राशी आहेत आणि वांग्याची ‘परदेशी’ कॅव्हियार मात्र चमचाभर. आपल्या भरताची ही चुलतबहीण सोव्हिएत दुकानांत डब्यांतून सर्रास मिळायची. सेन्सॉरवाल्यांना यात काही वावगं दिसलं नाही, प्रेक्षक मात्र अजून हसतात.

राजवाड्याची दृश्यं रोस्तोव्ह वेलिकी या जुन्या रशियन शहराच्या क्रेमलिनमध्ये, म्हणजे तिथल्या किल्ल्यात, चित्रित झाली. सोव्हिएत चित्रपटगृहांत सुमारे ६ कोटी तिकिटं खपली. पुढे दूरचित्रवाणीने चित्रपट नववर्षाच्या रात्रीला बांधून टाकला, आणि २०२३ च्या ३१ डिसेंबरला त्याची संगीतमय नवी आवृत्तीही रशियन वाहिनीवर दाखवली गेली. त्याआधी, २०१६ मध्ये, ओर्योल शहरात खऱ्या झारचा पुतळा उभा राहिला. त्यावरून भरपूर भांडणं झाली. झारची थट्टा करणाऱ्या चित्रपटाला मात्र त्या पुतळेवाल्यांच्या देशात आजही कुणी हात लावत नाही.