'गुलामगिरी'च्या अर्पणपत्रिकेमागची अमेरिका

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. गुलामांना दास्यातून सोडवताना त्यांनी जे औदार्य आणि निरपेक्षता दाखवली, तिचा तो सन्मान होता. ही अर्पणपत्रिका आपल्याकडे वारंवार उद्धृत होते. पण ज्यांना ती वाहिली, ते लोक त्यांच्याच देशात किती काळ एकटे पडले होते, लोकांनी त्यांना कसे दगड मारले, हे फारसे सांगितले जात नाही. अमेरिकन कोणाला म्हणायचे, या प्रश्नावर तो देश जवळजवळ शतकभर भांडत होता. त्या भांडणातूनच त्याची ओळख घडली.

१७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याने सर्व माणसे समान असल्याचे म्हटले. १७९० च्या कायद्याने मात्र बाहेरून येणाऱ्यांपैकी फक्त स्वतंत्र गोऱ्या माणसालाच नागरिक होता येईल, असे ठरवले. ही विसंगती झाकून ठेवता आली असती, पण देश वाढू लागला. १८०३ साली फ्रान्सकडून लुईझियानाचा अफाट प्रदेश दीड कोटी डॉलरना विकत घेतला गेला आणि देशाचे क्षेत्रफळ जवळपास दुप्पट झाले. त्यानंतर प्रत्येक नव्या राज्याच्या वेळी तोच वाद उभा राहिला: इथे गुलाम ठेवता येणार की नाही? १८२० साली मिसूरीला गुलामीचे आणि मेनला मुक्त राज्य म्हणून प्रवेश देऊन, पश्चिमेच्या उरलेल्या लुईझियाना प्रदेशात साडेछत्तीस अंश अक्षांशावर गुलामीची सीमा म्हणून रेघ मारली गेली. भांडण मिटले नाही, तीस-पस्तीस वर्षे पुढे ढकलले गेले. दरम्यान दक्षिणेत कापसाची शेती पसरत गेली आणि १८६० पर्यंत गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या घरात पोचली.

कापसाला जमीन हवी होती आणि त्या जमिनीवर माणसे राहत होती. जॉर्जियातल्या चेरोकी या मूळ रहिवाशांची कथा या शतकातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी कथा वाटते. गोरे ज्याला सुधारणा म्हणत, ते सगळे त्यांनी करून दाखवले होते. सेक्वोया नावाच्या माणसाने १८२१ च्या सुमारास त्यांच्या भाषेसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. १८२७ मध्ये त्यांनी लेखी राज्यघटना केली आणि १८२८ मध्ये 'चेरोकी फीनिक्स' हे वृत्तपत्र सुरू केले. तरीही राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या सरकारने १८३० साली मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हलवण्याचा कायदा केला. चेरोकींच्या बाजूने उभा राहिलेला सॅम्युअल वूस्टर हा मिशनरी जॉर्जियाच्या तुरुंगात गेला. त्याच्या खटल्यात १८३२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चेरोकींच्या प्रदेशात जॉर्जियाचे कायदे चालणार नाहीत. निकाल कागदावरच राहिला. १८३८ मध्ये लष्कराने त्यांना घरांतून बाहेर काढले. सुमारे सोळा हजार माणसांना आजच्या ओक्लाहोमाकडे नेण्यात आले. त्यांपैकी सुमारे चार हजार मेली, असा अंदाज दिला जातो. 'अश्रूंची वाट' म्हणतात ती हीच.

वूस्टर बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचा माणूस. याच बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले. त्यांच्या मिशनने पुढे अहमदनगरला शाळा काढल्या आणि 'ज्ञानोदय' हे नियतकालिक चालवले. त्या काळी अमेरिकेत धर्मजागृतीची मोठी लाट आली होती. माणूस स्वतःला बदलू शकतो आणि समाजातले पाप हटवणे हे त्याचे कर्तव्य आहे, ही तिची शिकवण. दारूबंदी, स्त्रियांचे शिक्षण, गुलामीविरोध या साऱ्या चळवळींना तिचे बळ मिळाले. त्याच धर्माच्या व्यासपीठांवरून दक्षिणेत गुलामीचे समर्थनही झाले, हेही सांगायला हवे.

१८३१ साली विल्यम लॉइड गॅरिसन यांनी बोस्टनमध्ये 'लिबरेटर' हे गुलामीविरोधी पत्र काढले. त्याच्या सुरुवातीच्या वर्गणीदारांत स्वतंत्र कृष्णवर्णीयच अधिक होते. १८३५ मध्ये जमावाने गॅरिसन यांना दोरी बांधून बोस्टनच्या रस्त्यातून ओढले. १८३७ मध्ये इलिनॉयमधल्या ऑल्टन गावी एलायजा लव्हजॉय हा संपादक आपला छापखाना वाचवताना मारला गेला. या दोन्ही घटना गुलामी नसलेल्या उत्तरेतल्या आहेत.

या मंडळींतही एक खोल मतभेद होता. गॅरिसन यांना राज्यघटनाच गुलामीशी केलेला पापी करार वाटे. १८५४ च्या स्वातंत्र्यदिनी त्यांनी तिची प्रत जाहीरपणे जाळली. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीतून पळून आलेले. त्यांनी वेगळी वाट धरली. ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टरच्या सभेत त्यांनी विचारले, तुमचा हा चार जुलैचा स्वातंत्र्यदिन गुलामाच्या काय कामाचा? श्रोत्यांच्या जिव्हारी लागेल असे ते भाषण होते, पण त्याच भाषणात त्यांनी राज्यघटना स्वातंत्र्याच्या बाजूची आहे असे ठासून सांगितले. ज्या देशाने आपल्याला माणूस मानले नाही, त्याच देशावर हक्क सांगण्याचे हे धाडस मला त्या शतकातले सर्वांत मोठे वाटते. १८४८ साली सेनेका फॉल्सला स्त्रियांनी मताचा हक्क मागितला तेव्हाही डग्लस त्यांच्या बाजूने उभे होते. त्या स्त्रियांनी आपला मसुदा १७७६ च्या जाहीरनाम्यावरच बेतला होता.

दुसरीकडे जमिनीची भूक वाढतच होती. १८४५ साली टेक्सासच्या विलीनीकरणाची बाजू मांडताना जॉन ओसलिव्हन यांच्या मासिकाने 'मॅनिफेस्ट डेस्टिनी' हा शब्दप्रयोग वापरला. हे अख्खे खंड व्यापणे हे आपले ईश्वरदत्त भवितव्य आहे, असा त्याचा आशय. पुढच्या वर्षी मेक्सिकोशी युद्ध पेटले. १८४८ च्या तहात कॅलिफोर्नियासह प्रचंड मुलूख मिळाला आणि गुलामीचा वाद आणखी चिघळला. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कृष्णवर्णीय माणूस, मग तो गुलाम असो वा स्वतंत्र, या देशाचा नागरिक होऊ शकत नाही. चारच वर्षांत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी सुरू झाली.

या युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. दक्षिणेचा कापूस अडला, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या आणि मुंबईत सट्ट्याला ऊत आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो बाजार कोसळला. नोव्हेंबर १८६३ मध्ये गेटिसबर्गला बोलताना लिंकन यांनी सत्त्याऐंशी वर्षे मागे जाऊन राष्ट्राचा जन्म मोजला. म्हणजे त्यांनी राज्यघटनेचे नव्हे, तर समतेच्या जाहीरनाम्याचे वर्ष धरले. डग्लस यांचेच म्हणणे आता राष्ट्राध्यक्षाच्या तोंडून येत होते. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामी संपवली आणि १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने देशात जन्मलेल्यांना नागरिक ठरवले.

या घडामोडींची झळ अमेरिकेच्या उत्तरेकडच्या ब्रिटिश मुलखालाही लागली. अमेरिका आपल्याला गिळेल ही धास्ती, १८६६ चे फेनियन या आयरिश बंडखोरांचे हल्ले आणि आपसातले राजकीय पेच यांमुळे ब्रिटिश वसाहती जवळ आल्या आणि १ जुलै १८६७ रोजी कॅनडा आकाराला आला. त्यांनी क्रांतीऐवजी 'शांतता, सुव्यवस्था आणि सुशासन' ही भाषा निवडली. तिथेही मेटी, म्हणजे मूळ रहिवासी आणि युरोपीय यांच्या मिश्र वंशाच्या लोकांच्या जमिनी गेल्या आणि त्यांचा नेता लुई रिएल १८८५ साली फासावर गेला.

चौदाव्या दुरुस्तीचे वचन लवकरच आखडते घेतले गेले. १८७७ नंतर दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना वाऱ्यावर सोडण्यात आले. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशाची दारे बंद झाली. १८८४ मध्ये जॉन एल्क या मूळ रहिवाशाला न्यायालयाने सांगितले की तू इथे जन्मलास तरी नागरिक नाहीस. नंतर सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांपोटी जन्मलेला वाँग किम आर्क हा आचारी चीनहून परत आला, तेव्हा त्याला बंदरातच अडवण्यात आले. त्याने सरकारविरुद्ध दाद मागितली. १८९८ साली सर्वोच्च न्यायालयाने चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेऊन त्याला जन्मसिद्ध नागरिक मानले. ज्या दुरुस्तीसाठी गॅरिसन-डग्लस यांच्या पिढीने मार खाल्ला, ती अशी तिसऱ्याच माणसाच्या कामी आली.