साधा ट्रॅक्टर आन टर्बोचा ट्रॅक्टर: ऑइल तेच, काम डबल

आमच्या यवतमाळ-वर्ध्याकडं जुने ट्रॅक्टर नेहमीच हात बदलतात, आन आता त्यात टर्बोवाले बरेच दिसतात. घेणाऱ्यानं आधी साधं पस्तीस एचपीचं चालवलेलं असते, त्याला वाटते इंजिन तं इंजिन, काय फरक पडते. मग टर्बो खराब झाला की गावभर सांगत फिरते, टर्बोच्या नादी लागू नका म्हणून. दोष टर्बोचा नसते भाऊ, सवय साध्या इंजिनाची असते.

साध्या इंजिनाचं तुम्हाला सांगायची गरज नाही. डिझेल फिल्टर, फॅनचा पट्टा, रेडिएटरची जाळी, ग्रीस, बॅटरीचं पाणी, हे सगळं टर्बोलाही जसंच्या तसं. त्यावर वेळ घालवत नाही.

खरा फरक आहे ऑइलचा, आन तो नीट समजला की बाकी आपोआप समजते.

सायलेन्सरकडं जाणारा गरम धूर एक पंखा फिरवते, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असते, तो हवा दाबून इंजिनात भरते. एवढाच टर्बो. पण इंजिन २००० आरपीएमवर लोड ओढत असते तेव्हा हा बोटाएवढा शाफ्ट लाखाच्या घरात फिरत असते. त्याला चाकासारखं छर्ऱ्याचं बेअरिंग बहुतेक नसतेच, बुश असते, आन तो बुशही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असते. म्हंजे साध्या इंजिनात जे ऑइल पिस्टन-क्रँक सांभाळते, तेच इथं टर्बोचं बेअरिंगही झालं आन त्याला थंड ठेवणारंही तेच. बंडीच्या कण्याला वंगण कमी पडलं तं चाक आठ दिवस कुरकुरते, तुम्हाला सावध करते. टर्बो कुरकुरायच्या आतच जाते.

आता बघा आपण काय करतो. थ्रेशर दिवसभर चालवलं, शेवटचं पोतं भरलं, आन चाबी बंद. नाहीतर त्याहून वाईट, बंद करायच्या आधी एक जोरात रेस द्यायची आन मग बंद, ही सवय पाहिली की माझं डोकं फिरते, कारण रेस दिल्यानं शाफ्ट आणखी वेगात जाते आन बरोबर त्याच टायमाला ऑइल पंप थांबते. शाफ्ट कोरडा फिरत राहते, आन धुराच्या बाजूचं लोखंड इतकं तापलेलं असते की आत थांबलेलं ऑइल जळून कोळशासारखं चिकटते. तो कोळसा ऑइलच्या बारीक वाटा बुजवते, मग पुढच्या वेळी ऑइल कमी, आणखी गरम, असं करत करत एक दिवस शाफ्ट अडकते. साध्या इंजिनाला हे सगळं चालून जाते, म्हणूनच ही सवय कोणी सोडत नाही.

लोडचं काम झालं की दोन-तीन मिनिटं स्लोवर राहू द्या, मग बंद करा. चालू केल्यावर ऑइलचा लाल दिवा विझून अर्धा-एक मिनिट जाईपर्यंत रेस नको, हिवाळ्यात गव्हाच्या वखताला सकाळी तं अजिबात नको. पण स्लोवर म्हणून चहाच्या टपरीसमोर अर्धा तास घरघरत सोडायचं, असंही नाही, फार वेळ स्लोवर राहिलं तं टर्बोच्या सीलमधून ऑइल झिरपायला लागते.

ऑइल बदलताना पुस्तकात लिहिलेलाच ग्रेड टाका. धूर कमी होते म्हणून मिस्त्री जाड ऑइल किंवा पावडरीच्या डब्या सुचवतात, ते मला पटत नाही, जाड ऑइल त्या बारीक वाटांमधून उशिरा पोचते. जुना ट्रॅक्टर घेतला की मागचा मालक काहीही सांगो, ऑइल आन फिल्टर पहिल्याच दिवशी बदला. नवीन फिल्टर उभा बसत असेल तं ऑइलनं भरून बसवा, आन बंद करायचा नॉब असेल तं तो ओढून थोडं थोडं सेल्फ मारा, लाल दिवा विझला की मग चालू करा.

घेताना टर्बो कसा तपासायचा, इथंही तोच घोळ. इंजिन बंद आन थंड असताना हवेचा पाइप काढून शाफ्टचं टोक बोटांनी हलवायचं. आडवा थोडा हलला की लोकं म्हणतात गेला, कारण चाकाचं बेअरिंग हललं तं गेलंच म्हणायची सवय. इथं बुश तरंगता आहे, थोडा आडवा हलणारच. पुढं-मागं ओढून बघा, त्या बाजूला हालचाल हाताला जाणवली, किंवा पंख्याची पाती कवचाला घासल्याच्या खुणा दिसल्या, तं तो ट्रॅक्टर सोडून द्या.

हवेच्या फिल्टरचं थोडक्यात: कागदी फिल्टर असेल तं कंप्रेसरची जोरदार हवा मारून फाडू नका, सोयाबीनचा भुसा-धूळ थेट त्या पात्यांवर जाते. आन काळा धूर, ओढ कमी, म्हंजे लगेच टर्बो गेला असं नसते, आधी रबरी पाइपचे क्लॅम्प हातानं चाचपा. निळा धूर असेल तं ऑइल जळतंय, तो मोठा खर्च असू शकते.

तरी टर्बो बदलायची वेळ आलीच तं मिस्त्रीसमोर उभं राहून दोन पाइप बघा: वरून ऑइल आणणारा बारीक आन खालून परत नेणारा जाड. बारीक पाइप नवाच टाकायला लावा. जाड पाइप कचऱ्यानं किंवा मुडपल्यानं अडलेला असेल तं चांगल्या टर्बोतूनही ऑइल धुराकडं जाते, आन तुम्ही नवीन टर्बोचे पैसे देऊनही निळा धूर तसाच.