एमसीबी होता तरी शॉक लागला? लागणारच

कुणाला शॉक लागल्याचं कळलं की एक प्रश्न हमखास येतो, "अहो पण एमसीबी होता ना, मग पडला कसा नाही?" पडणारच नव्हता. एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून सप्लाय तोडणारा खटका, शॉकसाठी तो बसवलेलाच नसतो. पण नवीन फ्लॅट दाखवणारा प्रत्येक जण डीबीचं, म्हणजे घरातल्या मेन बोर्डाचं, झाकण उघडून खटक्यांची रांग दाखवतो आणि वर सांगतो, आमच्याकडे सगळं सेफ आहे.

एमसीबीबद्दल फार सांगत बसत नाही, तो जुन्या किटकॅट फ्यूजच्या जागी आलाय. लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की पडतो, कारण शोधायचं आणि परत वर करायचा. वायर तापून आग लागू नये हे त्याचं काम. वायरीला सांभाळतो, तुम्हाला नाही. तुम्हाला सांभाळतो तो आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की पडणारा खटका, बरेच वायरमन त्याला अजून ईएलसीबी म्हणतात, म्हणू देत.

आता आकडे बघा म्हणजे भांडण मिटेल. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टला साधारण 8.7 अँपिअर करंट घेतो, म्हणून त्याला 16 अँपिअरचा एमसीबी देतात. समजा गिझरमध्ये लीकेज झालं, म्हणजे करंट पत्र्यात उतरला, आणि तुमचा ओला हात त्याला लागला. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स ढोबळ 1000 ओहम धरा, तर तुमच्या अंगातून जातो 0.23 अँपिअर. जुना पिवळा 60 वॅटचा बल्ब घेतो 0.26. म्हणजे तुम्ही तिकडे तडफडताय आणि एमसीबीला वाटतंय की बाथरूममध्ये कुणीतरी अजून एक बल्ब लावला, तोही जरा मंदच. 16 अँपिअरवर बसलेल्या माणसाला 0.23 ने काय फरक पडणार? आणि हृदयाची लय बिघडायला एवढाही लागत नाही, 30 मिलिअँपिअर म्हणजे 0.03 अँपिअरच्या वर करंट अंगातून वाहत राहिला की धोका सुरू.

आरसीसीबी किती करंट गेला हे बघतच नाही, तो हिशोब जुळतो का ते बघतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच्या आतल्या एकाच कड्यातून जातात, फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. 8.70 गेला आणि 8.67 च परत आला तर मधला 0.03 कुठूनतरी जमिनीत गेला, आणि बाथरूममध्ये तो कुठून गेला असेल हे वेगळं सांगायला नको. फरक 30 मिलिअँपिअरवर पोचला की जास्तीत जास्त 0.3 सेकंदात सप्लाय बंद. फरक मोठा असेल तर त्याहून लवकर. झटका तरीही बसतो बरं का, पण चिकटून राहत नाही.

इथे लोक म्हणतात, आमचं अर्थिंग एकदम भारी आहे, आम्हाला कशाला पाहिजे. बरं, धरा की तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स 5 ओहम आहे, म्हणजे बऱ्यापैकी चांगला. फेज गिझरच्या पत्र्याला टेकली तर फार तर 46 अँपिअर जमिनीत जाईल. घरातला नेहमीचा सी टाइप एमसीबी झटक्यात पडायला त्याच्या आकड्याच्या 5 ते 10 पट करंट लागतो, म्हणजे 16 वाल्याला किमान 80. 46 वर तो तापून तापून काही सेकंदांनी पडेल, तोवर पत्रा जिवंत. खड्डा उन्हाळ्यात सुकून 15 ओहमवर गेला तर करंट 15 अँपिअर, मग तो पडणारच नाही. अर्थिंग हवंच, ते असलं तर आरसीसीबी तुम्ही हात लावायच्या आधीच पडतो. पण नुसतं अर्थिंग आणि एमसीबी याला मी सेफ म्हणणार नाही.

बाकी फरक किरकोळ. आरसीसीबी रुंद असतो, त्यावर T लिहिलेलं छोटं बटण असतं, तेवढं बघितलं तरी ओळखता येतो. खटका मात्र दोघांचा सारखाच, शेजारी शेजारी, हे डिझाइन कुणी पास केलं देव जाणे.

आणि लेबल तर त्याहून वाईट. आरसीसीबीवर ठळक अक्षरात 40A लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं 40 अँपिअरला पडेल. नाही हो! 40 म्हणजे तो स्वतः न जळता एवढा करंट झेलू शकतो, ओव्हरलोडला तो पडतच नाही, त्यासाठी एमसीबी वेगळा लागतोच. (दोन्ही कामं एकात हवी असतील तर आरसीबीओ मिळतो, महाग आहे, पण बाथरूमच्या लाइनला तरी मी तोच घालेन.) खरा कामाचा आकडा बारीक अक्षरात असतो, 30mA किंवा 0.03A. दुकानदार कधी कधी 100 किंवा 300 वाला देतो, "हा सारखा सारखा पडत नाही साहेब". तो आगीसाठी असतो, माणसासाठी 30 च घ्या.

सारखा पडतो ही तक्रार मात्र खरी आहे. 30 वाला असला तरी तो 15 मिलिअँपिअरच्या पुढे कधीही पडू शकतो आणि कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन वगैरे सगळ्यांचं थोडं थोडं लीकेज एकत्र येतं, मग अख्ख्या घराला एकच आरसीसीबी असेल तर पावसाळ्यात रात्री दोन वाजता फ्रिजसकट सगळं बंद. दुसरं कारण इन्व्हर्टर. फेज इन्व्हर्टरमधून येते आणि न्यूट्रल परत भलत्याच वाटेने जातो, हिशोब जुळत नाही, मग तो पडणारच. यावर उपाय इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल वेगळा करणं हा आहे, त्याला अर्धा दिवस जातो, म्हणून काही वायरमन आरसीसीबीला बायपास करून लाइन डायरेक्ट करतात आणि खटका शोभेला तसाच ठेवतात. तुमच्याकडे असं झालंय का हे बघायचं तर सप्लाय चालू ठेवून इन्व्हर्टर बंद करा (नाहीतर दिवे त्याच्यावरच चालू राहतील) आणि T दाबा. खटका पडला पण घरातले दिवे चालूच राहिले, तर त्याच वायरमनला परत बोलवू नका, दुसरा बघा.