रिलीज क्लॉज म्हणजे क्लबने लावलेली किंमत नव्हे

फुटबॉलमध्ये ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लबांना खेळाडू घ्यायची-द्यायची मुभा असलेला काळ, उघडली की बातम्यांत एक वाक्य हमखास दिसतं: 'त्याचा रिलीज क्लॉज ८ कोटी युरोंचा आहे, म्हणजे क्लबला ८ कोटी हवेत.' रिलीज क्लॉज हे खेळाडूच्या करारातलं, ठरलेली रक्कम भरून त्याला सोडवून नेण्याचं कलम. वरच्या वाक्यातलं 'म्हणजे' चुकीचं आहे. निम्म्या अफवा त्या एका शब्दावर उभ्या असतात, म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

क्लबची किंमत ही क्लबची इच्छा असते. आज १० कोटी, तर ऑगस्टच्या अखेरीस ७. समोरच्याने ती पूर्ण देऊ केली, तरी क्लब नाही म्हणू शकतो. रिलीज क्लॉज मात्र करारावर सही होतानाच लिहिलेला असतो. तेवढी रक्कम आली की क्लबला अडवता येत नाही. खेळाडूने नव्या क्लबशी पगाराचं जुळवायचं, वैद्यकीय तपासणी उरकायची आणि निघायचं.

अडवता न येणं म्हणजे काय, ते जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबने २०१३ च्या एप्रिलमध्ये अनुभवलं. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत रेआल माद्रिदशी सामना होता, आणि त्याच्या आदल्याच दिवशी त्यांचा मारिओ गोट्झे बायर्न म्युनिक क्लबला जाणार असल्याचं जाहीर झालं. क्लॉज होता ३ कोटी ७० लाख युरोंचा. आपल्याच अकादमीत घडलेला मुलगा थेट प्रतिस्पर्ध्याला द्यायला डॉर्टमुंड राजीखुशीने कधीच तयार झालं नसतं. पण इथे त्यांची राजीखुशी कुणी विचारतच नव्हतं.

स्पेनमध्ये तर याला कायद्याचाच आधार आहे. १९८५ च्या एका शाही आदेशानुसार खेळाडू भरपाई देऊन करार मोडू शकतो, त्यामुळे तिथल्या करारांत हा आकडा असतोच. क्लबही तो मुद्दाम अवाढव्य ठेवतात, कुणाला परवडूच नये म्हणून. असा आकडा पाहून 'एवढ्याला विकायला काढलाय' असं म्हणणं म्हणजे दाराच्या कुलपालाच किंमतीची चिठ्ठी समजणं. पण कुलूपही कधी कधी उघडतं. ३ ऑगस्ट २०१७ ला बार्सिलोनाचा खेळाडू नेमार याचे वकील स्वतः क्लबच्या कार्यालयात गेले आणि २२ कोटी २० लाख युरो भरून आले. वाटाघाट झालीच नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ इंग्लंडमध्ये होतो, कारण तिथे असं कलम सक्तीचं नाही आणि असलं तरी त्याची भाषा प्रत्येक करारात वेगळी. २०१३ मध्ये आर्सेनल क्लबने लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझसाठी ४ कोटी पौंडांवर एक पौंड अशी बोली लावली. तो एक पौंड मला फार बोलका वाटतो. ४ कोटींच्या वर गेलं की दार उघडणार, अशी त्यांची पक्की समजूत होती. लिव्हरपूलने नकार दिला. खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख गॉर्डन टेलर यांचं म्हणणं होतं, की त्या कलमाने फक्त चर्चेला बसणं अपेक्षित होतं, सोडणं बंधनकारक नव्हतं. पुढच्या वर्षी लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री मात्र म्हणाले की ४ कोटींचा क्लॉज होता, तरीही आम्ही न विकण्याचं ठरवलं. त्याच कलमाचे दोन अर्थ. मग आकडा ऐकून बातमी लिहिणाऱ्याने कशावर विसंबायचं? आकड्यामागची वाक्यं कळल्याशिवाय तो आकडा अपुराच असतो.

कराराची उरलेली वर्षंही क्लबची किंमत आणि क्लॉज या दोन्हींवर सारखा परिणाम करत नाहीत. युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बोसमन निकालापासून युरोपात करार संपलेला खेळाडू फुकट जाऊ शकतो, आणि शेवटच्या सहा महिन्यांत तो दुसऱ्या क्लबशी आगाऊ करारही करू शकतो. त्यामुळे वर्षच उरलं असेल तर क्लबची मागणी घसरते. क्लॉजचा आकडा मात्र आपोआप घसरत नाही, तसं करारात लिहिलेलं असेल तरच.

शिवाय कलमांना तारखा असतात. २०२० च्या ऑगस्टमध्ये मेस्सीने बार्सिलोनाला निघतो म्हणून कळवलं. हंगाम संपल्यावर फुकट जाता येईल अशी तरतूद करारात आहे, असं त्याचं म्हणणं. तिची मुदत जूनमध्येच संपली, असं क्लबचं. पण कोविडमुळे तो हंगामच ऑगस्टपर्यंत लांबला होता. स्पेनची लीग चालवणाऱ्या ला लीगाने क्लबची बाजू घेतली: जायचं तर ७० कोटी युरो भरा. आपल्या क्लबला कोर्टात खेचायचं नाही म्हणून मेस्सी थांबला. ३० जून २०२१ ला करार संपला, आणि त्याबरोबर ७० कोटींचा तो आकडाही.