किडा दिसतो तोवर उशीर झालेला असतो

गव्हाच्या डब्यात हात घातला आणि बोटांवर काळपट टोके, म्हणजे सोंडकिडे, चढले की घरात पहिला वाद दुकानदारावरून होतो आणि दुसरा डबा कुणी पुसला यावरून. टोका बहुतेक वेळा डब्यात नंतर शिरलेला नसतोच. तो दाण्याच्या पोटात बसून आपल्या घरी आलेला असतो. मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि चिकट स्रावाने ते भोक बुजवते. बाहेरून दाणा धडधाकट दिसतो. अळी आतच जन्मते, आतलं पीठ खाते, आतच कोषात जाते आणि साधारण महिनाभराने पूर्ण वाढलेला किडा दाणा पोखरून बाहेर पडतो. अशी एक मादी आयुष्यात तीनशेच्या आसपास अंडी घालू शकते. कितीही निवडा, कितीही पाखडा, हे अंडं सुपात सापडत नाही.

घरातल्या बहुतेक उपद्रवी जीवांची तऱ्हा अशीच आहे. आपल्याला दिसतो तो त्यांचा शेवटचा अवतार. आपण फवारा मारतो तोही त्याच्यावरच, आणि पुढची पिढी दाण्यात, फटीत किंवा पिंपाच्या कडेला सुखरूप असते. म्हणून औषध कोणतं यापेक्षा वेळ कोणती हा प्रश्न जास्त कामाचा.

धान्याची वेळ एप्रिल-मेची. दाण्यातला ओलावा दहा टक्क्यांच्या खाली गेला की टोक्याची वाढ खुंटते आणि पन्नास अंशांच्या वर काही काळ तापला की आतली अळी मरते. गच्चीवर धान्य पातळ पसरून कडक ऊन दाखवायची जुनी पद्धत ही दोन्ही कामं एकदम करते. जाड ढीग घातला तर मात्र वरचाच थर तापतो. पसरलेलं धान्य पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरायचं, नाहीतर आतली वाफ झाकणाला लागून ओल धरते. डबा घट्ट झाकणाचा हवा आणि काठोकाठ भरलेला हवा, म्हणजे आत हवाच कमी राहते. कडुलिंबाचा पाला घालायचा तर खडखडीत वाळलेला. त्याने नवे किडे थोडे दूर राहतील, पण दाण्याच्या आत बसलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

कडधान्याचा भुंगा वेगळ्या चालीचा. त्याची मादी अंडं दाण्यावर बाहेरूनच चिकटवते. मूग किंवा चवळी हातावर घेऊन उजेडात पाहिली तर टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसतो. नखाने सहज निघत नाही तो. त्यातून निघालेली अळी थेट खाली दाण्यात शिरते. इथे किलोला चमचाभर एरंडेल चोळण्याची आजीची युक्ती विज्ञानाच्या कसोटीलाही उतरलेली आहे: तेलकट दाण्यावर मादी अंडी कमी घालते आणि घातलेल्या अंड्यांचा श्वास तेलाने कोंडतो. अख्खी तूर ठेवण्यापेक्षा भरडून डाळ करून ठेवली तर भुंगा फारसा लागत नाही, तेही याच कारणाने. त्याला अंडं घालायला अख्खा, गुळगुळीत दाणा लागतो.

धान्यात टाकायच्या गोळ्यांबद्दल मात्र मी सरळ नाही म्हणेन. पारद टिकडीत पारा असतो आणि त्याची वाफ होते. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतली ओल लागताच फॉस्फीन हा जीवघेणा वायू सोडतात. त्या गोदामात, प्रशिक्षित माणसाच्या हातात ठीक. झोपायच्या खोलीत धान्याच्या कोठीत ठेवल्यामुळे माणसं दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतातच.

पहिला पाऊस पडला की संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या वाळव्या घोंघावतात. हे नवे राजा-राणी, जोडीदार शोधायला निघालेले. त्यातले बहुतेक पालींच्या पोटात जातात. खिडकीतून आल्या असतील तर दिवा मालवा, सकाळी पंख झाडून टाका, विषय संपला. पण पंखांचा ढीग आतल्या भिंतीच्या फटीशी किंवा दाराच्या चौकटीखाली सापडला तर त्या इमारतीतूनच निघाल्या आहेत असं धरा आणि जाणकाराला बोलवा. वाळवीची कातडी मऊ असते, उघड्यावर ती सुकून मरते. म्हणून ती मातीच्या नळीतून चालते. भिंतीवर अशी नळी दिसली तर मधला बोटभर तुकडा खरवडून दोन-तीन दिवसांनी पाहा. पुन्हा बांधलेली दिसली तर रस्ता चालू आहे. (याच वाळवीच्या काही जाती वारुळात बुरशीची शेती करतात, आणि पावसाळ्यात त्या वारुळांवर उगवणारी अळंबी कोकण-गोव्यात चढ्या भावाने विकली जाते. तेवढ्यापुरतं वाळवीला माफ.)

मुंग्याही याच दिवसांत घरात येतात, कारण त्यांची बिळं पाण्याने भरतात. रांग पुसताना साबणाचं पाणी वापरा. नुसत्या फडक्याने वासाची वाट पुसली जात नाही.

जुलैपासून दिवाळीपर्यंत खरा धोका डेंग्यूच्या डासाचा. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं आरोग्य खातं सांगतं, कारण अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. पण पिंप नुसतं उपडं करून भागत नाही. या डासाची, म्हणजे एडिसची, मादी अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या भिंतीला चिकटवते. ती काळी, बारीक अंडी कोरड्यात कित्येक महिने तग धरतात आणि पाणी पुन्हा चढलं की फुटतात. दिवसाआड पाणी येणाऱ्या वस्तीत पिंप सारखं रितं होतं, सारखं भरतं; या डासाला याहून चांगली सोय नाही. म्हणून पिंपाची आतली बाजू काथ्याने घासायलाच हवी. फ्रिजच्या मागचा ट्रे बहुतेक घरांत कुणी कधी काढून पाहिलेला नसतो, तोही काढा.

झुरळाला ऋतू नाही. मोरीतून येणारं मोठं, लालसर झुरळ वेगळं; स्वयंपाकघरात ठाण मांडतं ते लहान, तपकिरी, मानेवर दोन गडद पट्टे असलेलं जर्मन झुरळ. हे नाव प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसच्या काळापासून, १७६७ पासून चालत आलं आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने मात्र त्याचं मूळ भारत किंवा म्यानमारमध्ये असल्याचं दाखवलं. सुमारे २,१०० वर्षांपूर्वी रानातल्या आशियाई झुरळापासून ते वेगळं झालं आणि माणसाच्या सामानातून जगभर गेलं. म्हणजे पाहुणा नव्हे, घरचाच.

त्याची मादी तीस-चाळीस अंड्यांची पुडी अंडी फुटण्याच्या बेतात येईपर्यंत शरीराला चिकटवून वागवते. फवाऱ्यातून वाचलेली एक मादी पुरते. शिवाय हा प्राणी शिकतो, निदान त्याची जात शिकते. गोड आमिषात विष घालायची पद्धत रुळल्यावर १९९३ मध्ये अमेरिकेत ग्लुकोज टाळणारी झुरळं नोंदली गेली. पुढे २०१३ मध्ये कारण कळलं: या झुरळांच्या तोंडातल्या कडू चव ओळखणाऱ्या पेशी ग्लुकोजलाही प्रतिसाद देतात. गोड त्यांना कडू लागतं! तेव्हा विषारी आमिषाचं एकच जेल वर्षानुवर्षं वापरू नका. जेलचे मसुराएवढे ठिपके ट्रॉलीच्या बिजागरीजवळ आणि फ्रिजच्या मोटरीपाशी लावा, आणि त्या जागी फवारा अजिबात मारू नका. फवाऱ्याच्या वासाने झुरळ आमिषाकडे फिरकत नाही. अन्नाविना ते महिनाभर काढू शकतं, पाण्याविना एक-दोन आठवडेच. रात्री सिंक कोरडं पुसणं आणि गळका नळ दुरुस्त करणं हे जेलइतकंच महत्त्वाचं.

दिवाळीच्या आवराआवरीत ऑक्टोबरचं ऊन फुकट मिळतं; गाद्या आणि पुस्तकं त्याला दाखवा, कारण कसर ओलीवर जगते. डांबरगोळ्या मात्र तान्ह्या बाळाच्या कपड्यांत नकोत: काही बाळांमध्ये जन्मतः एक विकर (एन्झाइम) कमी असतं आणि त्या वासाने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात.

याच सुमारास शेतं रिकामी होतात आणि उंदीर घराकडे वळतात. शिसपेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो. फट फोमने भरली तर तो कुरतडतो. तारेचा काथ्या कोंबून वर सिमेंट लावावं. पिंजरा खोलीच्या मधोमध नको, भिंतीला लागून ठेवा, कारण उंदीर मिशांनी भिंत चाचपत चालतो. आणि विषाचे तुकडे पोटमाळ्यावर टाकण्याआधी एवढं लक्षात घ्या की ते विष रक्त गोठू देत नाही, उंदीर तीन-चार दिवसांनी मरतो, आणि तो कुठे मरेल हे आपण ठरवू शकत नाही.