‘बरंवाईट’ नव्हे, थेट प्रश्न

आत्महत्येचं नाव न घेता तिच्याबद्दल बोलण्याची सोय मराठीने करून ठेवली आहे. ‘जिवाचं काही बरंवाईट केलं तर?’ एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं आणि बोलणाऱ्याला तो शब्द तोंडातून काढावा लागत नाही. समुपदेशनाच्या पहिल्या सत्रात मात्र ही सोय कामाची नाही. तिथे सरळ विचारावं लागतं, ‘आत्महत्येचे विचार मनात येतात का?’ नवशिके समुपदेशक इथेच अडखळतात आणि विचारतात, ‘तसलं काही मनात येत नाही ना?’ त्या शेवटच्या ‘ना’मध्ये विचारणाऱ्याची भीती असते. समोरच्याला ती लगेच कळते आणि समुपदेशकाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तो बिचारा ‘छे, छे’ म्हणून मोकळा होतो.

थेट विचारलं तर नसलेली कल्पना डोक्यात शिरेल, ही भीती जुनी आहे. ती तपासूनही झाली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. काहींच्या प्रश्नावलीत आत्महत्येविषयीचे प्रश्न होते, काहींच्या नव्हते. दोन दिवसांनी पाहिलं, तर प्रश्न विचारलेल्या मुलांमध्ये असे विचार वाढलेले नव्हते. उलट नैराश्य असलेली किंवा पूर्वी प्रयत्न केलेली मुलं, प्रश्न विचारल्यावर, थोडी कमी अस्वस्थ दिसली. कुणीतरी विचारलं, याचाच आधार वाटला असावा.

विचारण्याआधी एक गोष्ट सांगून टाकायची असते. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला तातडीचा धोका दिसला तर मला आणखी कुणाची तरी मदत घ्यावी लागेल. हे ऐकून माणूस गप्प होईल अशी धास्ती वाटते खरी. पण गोपनीयतेची ही मर्यादा तिसऱ्या सत्रात कळली तर तो पुन्हा येणारच नाही.

प्रश्न पायरीपायरीने खाली उतरतात. सकाळी जाग येऊच नये असं वाटतं का, ही वरची पायरी. मग जीव देण्याचा विचार येतो का, कसा ते मनात आलं आहे का, तसं करण्याचा इरादा आहे का, काही तयारी केली आहे का. कोलंबिया विद्यापीठात तयार झालेली आणि जगभर वापरली जाणारी, आत्महत्येचा धोका तपासणाऱ्या प्रश्नांची श्रेणी साधारण याच क्रमाने जाते. नैराश्यासाठीची ‘पीएचक्यू-९’ ही छोटी प्रश्नावलीही बऱ्याच ठिकाणी सत्राआधी भरून घेतात. तिचा नववा प्रश्न याच विषयाचा आहे. कागदावर तिथे शून्याची खूण असली, तरी तोंडी विचारायचं टाळू नये. परक्या खोलीत, हातात पेन देऊन मागितलेलं उत्तर आणि अर्धा तास बोलल्यावरचं उत्तर एकच असेल असं नाही.

आता खरी अडचण. एवढं सगळं विचारून पुढे काय होणार ते सांगता येतं का? नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ४,८०० मनोरुग्णांचा काही वर्षं पाठपुरावा करून १९८३ साली अहवाल प्रसिद्ध झाला. उपलब्ध माहितीवरून ८०३ जण जास्त धोक्याचे ठरवले होते. प्रत्यक्षात ६७ जणांनी आत्महत्या केली आणि त्यातले फक्त ३० त्या यादीत होते. म्हणजे ७७३ जणांवर शिक्का चुकीचा बसला आणि ३७ जण ‘धोका कमी’ म्हणून निसटले. दोष त्या डॉक्टरांच्या हुशारीचा नव्हता. घटना इतकी विरळ असली की कोणतीही चाळणी असंच करते. पुढे २०१७ साली ५० वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र तपासले गेले. भाकिताची अचूकता नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरी निघाली. उपचारांसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये सांगूनच टाकलं की अशा श्रेण्या वापरून कुणाचं भाकीत करू नका आणि कमी, मध्यम, जास्त अशा गटांत माणसं वाटू नका.

मग विचारायचं कशाला? मला वाटतं, घोळ इथेच होतो. हा प्रश्न ज्योतिष सांगण्यासाठी नसतोच. आजच्या रात्री या माणसाला काय लागेल, हे कळण्यासाठी तो असतो. बारबरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेला ‘सेफ्टी प्लॅन’, म्हणजे सुरक्षित राहण्याचा आराखडा, त्यातूनच बनतो. मन बिघडू लागल्याची खूण कोणती, तेव्हा स्वतः काय करता येतं, कुठे गेलं की मन दुसरीकडे वळतं, कुणाला सांगता येतं, कोणत्या हेल्पलाइनला किंवा डॉक्टरांना फोन करायचा आणि धोक्याची वस्तू हाताशी राहू नये म्हणून काय करायचं. तीव्र ऊर्मी लाटेसारखी चढते आणि उतरते. तेवढा वेळ निभावण्यासाठी ही सोय. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आपत्कालीन विभागात असा आराखडा करून नंतर फोनवर विचारपूस केलेल्या रुग्णांमध्ये सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित कृती सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होत्या. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे हा आकडा थोडा जपून घ्यावा. पूर्वी ‘मी असं काही करणार नाही’ अशी सही घेण्याची पद्धत होती. तिचा उपयोग होतो असा पुरावा नाही. माझ्या मते त्या सहीने फक्त सही घेणाऱ्याला झोप लागते.

याच बोलण्यात एक प्रश्न येतो: ‘इतकं असह्य होतं, तरी कशामुळे थांबलात?’ मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी १९८३ साली जगण्याच्या कारणांची ४८ विधानांची प्रश्नावली केली, ती या प्रश्नाचीच विस्तारलेली बाजू. ‘धाकट्या बहिणीचं काय होईल, हे आलं मनात.’ असं उत्तर आलं की समुपदेशकाच्या हाती धोक्याच्या नोंदीबरोबर, समुपदेशनातून काय साधायचं त्या उद्दिष्टाचा कच्चा मालही येतो.

कारण बहुतेक जण उद्दिष्टं नकारार्थी घेऊन येतात. रडू येऊ नये, राग येऊ नये, काही वाटूच नये. ऑग्डेन लिंडस्ले या मानसशास्त्रज्ञांचा यावर एक निकष आहे: मेलेल्या माणसालाही जमेल ती गोष्ट वर्तन नव्हे. न रडणं तर मेलेल्यालाही जमतं. या विषयात तो क्रूर वाटतो, पण इथेच तो सर्वांत नेमका बसतो. म्हणून विचारायचं, ‘रडू कमी झालं तर त्या वेळात काय कराल?’ ‘बहिणीला फोन करीन. दोन महिने उचललेला नाही.’ हे मोजता येतं. उद्दिष्ट माणसाचं स्वतःचं आहे ना, की घरच्यांनी पाठवताना दिलेलं, हेही पाहायला हवं. उपचाराचं नातं कशावर उभं राहतं हे १९७९ साली मांडताना मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी जिव्हाळ्याबरोबर उद्दिष्टांवरची आणि त्यासाठी करायच्या कामांवरची सहमतीही धरली होती.

० म्हणजे सगळ्यात वाईट आणि १० म्हणजे हवं तसं, तर आज कुठे आहात, असं विचारल्यावर ‘३’ असं उत्तर आलं, तर अननुभवी माणूस लगेच ४ कडे ओढतो. ‘२ का नाही म्हणालात?’ हा प्रश्न जास्त उपयोगी, कारण त्याच्या उत्तरात आत्ता काय टिकून आहे ते कळतं. आणि धोका मोठा दिसला, तर नोकरी, अभ्यास, संसार हे सगळं बाजूला ठेवायचं. मग उद्दिष्ट एकच: पुढच्या भेटीपर्यंत सुरक्षित राहणं. तीही भेट आठवड्याने ठेवण्यापेक्षा दोन दिवसांनी ठेवावी. ती सुरू होते पुन्हा त्याच सरळ प्रश्नाने, आणि बहिणीला फोन झाला का, या दुसऱ्या प्रश्नाने.