आधी भाकीत, मग खेळ : कॉलेज फुटबॉलच्या बाद फेरीची पार्श्वभूमी

डिसेंबर उजाडला की अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या (म्हणजे आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे, चेंडू हातात घेऊन धावायचा अमेरिकन फुटबॉल) बाद फेरीचे अंदाज सुरू होतात. आत कोण, बाहेर कोण, पुढे चाल कोणाला, जानेवारीतल्या अंतिम सामन्यात समोरासमोर कोण. जोडीला रोजचे दिनविशेष आणि प्रश्नमंजुषा असतात. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही ही चढाओढ चालते, कारण मुलगा किंवा मुलगी ज्या विद्यापीठात शिकते त्याचा संघ आपोआप घरचा होतो. पण जुन्या मोसमांवरचे प्रश्न निघाले की भांडण ठरलेले. १९७३चा विजेता कोण? अलाबामा म्हणणारा बरोबर आणि नोत्र दामचे नाव घेणाराही बरोबर. १९९०? कोलोरॅडो आणि जॉर्जिया टेक, दोन्ही.

याचे मूळ असे की या खेळाच्या सर्वोच्च स्तरावर महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने राष्ट्रीय विजेतेपद कधी दिलेलेच नाही. खालच्या स्तरांवर ती १९७०च्या दशकापासून स्वतः बाद फेरी भरवते. वरच्या स्तरावर मात्र कोणत्या मोसमात कोणी कोणाला विजेता मानले, एवढेच तिच्या नोंदवहीत सापडते. त्यामुळे दावे करायला मोकळे रान मिळाले. अलाबामा आजही १९४१चे विजेतेपद आपल्या यादीत मिरवते. त्या वर्षीच्या पत्रकारांच्या मतदानात हा संघ २०व्या क्रमांकावर होता आणि पहिला होता मिनेसोटा.

पत्रकारांचे हे मतदान एका बातमीसंस्थेने १९३६मध्ये सुरू केले. १९५०पासून दुसऱ्या एका संस्थेचे प्रशिक्षकांचे मतदान सुरू झाले. दोन्हींत एक गोष्ट आज अविश्वसनीय वाटेल अशी होती. नववर्षाच्या सुमारास होणाऱ्या मोठ्या बाउल सामन्यांच्या, म्हणजे निवडक संघांना बोलावून भरवल्या जाणाऱ्या मोसमाअखेरच्या लढतींच्या, आधीच शेवटचे मत पडायचे. सगळ्यात कठीण सामना बाकी असताना विजेता जाहीर! १९६४मध्ये अलाबामाला मान मिळाला आणि मग ऑरेंज बाउलमध्ये टेक्सासने त्यांना २१-१७ने हरवले. अर्कान्सासचा संघ एकही सामना न हरता बसून राहिला. पुढच्या वर्षी पत्रकारांनी मत बाउल सामन्यांनंतर घेतले, मग दोन वर्षे पुन्हा जुनी रीत पाळली आणि १९६८पासून ती कायमची सोडली. प्रशिक्षकांना आणखी वेळ लागला. १९७३मध्ये त्यांनी अलाबामाला आधीच विजेता ठरवले. ३१ डिसेंबरला न्यू ऑर्लिन्सच्या शुगर बाउलमध्ये अलाबामा नोत्र दामकडून २४-२३ने हरले. पत्रकारांनी नोत्र दामला निवडले. पुढच्या मोसमापासून प्रशिक्षकही सामने संपेपर्यंत थांबू लागले.

याच काळातला एक दिनविशेष ६ डिसेंबर १९६९चा. फेएटव्हिलला टेक्सासने अर्कान्सासला १५-१४ने हरवले आणि सामना पाहायला आलेल्या अमेरिकेच्या अध्यक्षांनी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन टेक्सासला विजेतेपदाचे सन्मानचिन्ह दिले. पेन स्टेट तेव्हा सलग दुसऱ्या मोसमात अपराजित होते. मोसम संपला नव्हता, बाउल सामने बाकी होते आणि देशाच्या प्रमुखाने निकाल देऊन टाकला होता. पेन स्टेटचे जुने चाहते अजून ही गोष्ट सांगतात आणि त्यांचा राग मला पटतो.

१९८४मध्ये ब्रिगहॅम यंगचा संघ १३-० अशा कामगिरीवर विजेता ठरला, पण त्याचा शेवटचा सामना होता ६-५ अशा साधारण मोसमाच्या मिशिगनशी. १९९०चा घोळ वेगळाच. ६ ऑक्टोबरला मिसुरीविरुद्ध पंचांच्या मोजणीतल्या चुकीने कोलोरॅडोला चेंडू पुढे नेण्याचे चारऐवजी पाच प्रयत्न मिळाले, पाचव्यात गुण झाले आणि सामना ३३-३१ने खिशात पडला. तो निकाल कायम राहिला आणि अर्धे विजेतेपदही मिळाले.

दोन-दोन विजेत्यांना देश कंटाळला होता. १९९८पासून मतदान आणि संगणकी क्रमवारी यांची सांगड घालून पहिले दोन संघ काढायचे आणि त्यांचा एकच अंतिम सामना लावायचा, अशी पद्धत आली. ती १६ मोसम चालली आणि तिचा सगळ्यात लाजिरवाणा मोसम म्हणजे २००३. ओक्लाहोमा आपल्याच कॉन्फरन्सच्या (म्हणजे आपापसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या) अंतिम सामन्यात कॅन्सस स्टेटकडून ३५-७ असे चिरडले गेले, तरी गणितात पहिले राहिले. पत्रकार आणि प्रशिक्षक, दोघांच्याही मतदानात पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ गणितात तिसरा निघाला आणि अंतिम सामन्याबाहेर गेला. तो सामना लुइझियाना स्टेटने जिंकला. पत्रकारांनी आपले मत बदलले नाही. विजेते पुन्हा दोन. पुढच्या वर्षी ऑबर्न अपराजित राहूनही बाहेर बसले आणि पत्रकारांचे मतदान चालवणाऱ्या बातमीसंस्थेने आपली क्रमवारी या गणितातून काढून घेतली. प्रश्नमंजुषेसाठी भर म्हणून सांगतो : २००४चा तो अंतिम सामना सदर्न कॅलिफोर्नियाने ५५-१९ने जिंकला, पण नियमभंगाच्या चौकशीनंतर २०११मध्ये ते विजेतेपद काढून घेतले गेले. या पद्धतीच्या यादीत ती जागा रिकामी आहे. पत्रकारांच्या यादीत मात्र नाव तसेच आहे.

शेवटचा धक्का २०११च्या मोसमाने दिला. नोव्हेंबरमध्ये अलाबामा घरच्या मैदानावर लुइझियाना स्टेटकडून ९-६ने हरले होते. ९ जानेवारी २०१२च्या अंतिम सामन्यात पुन्हा हेच दोघे उभे राहिले आणि अलाबामा २१-०ने जिंकले. एकाच कॉन्फरन्समधले दोन संघ, तेही आधी खेळून झालेले! बाकी देशाचा संयम सुटला. त्याच वर्षी जूनमध्ये विद्यापीठांच्या अध्यक्षांनी चार संघांच्या बाद फेरीला मंजुरी दिली आणि २०१४पासून ती सुरू झाली. संगणक गेला, १३ जणांची निवड समिती आली.

समितीने पहिल्याच वर्षी वाद ओढवून घेतला. टेक्सास ख्रिश्चन तिसऱ्या क्रमांकावर होते, शेवटचा सामना ५५-३ने जिंकले आणि सहाव्यावर घसरले. ओहायो स्टेटने तिसऱ्या पसंतीचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू) उतरवून विस्कॉन्सिनला ५९-०ने लोळवले आणि चौथी जागा पटकावली. मग अलाबामाला ४२-३५ आणि ओरेगॉनला ४२-२० असे हरवून विजेतेपदही नेले. दोन क्वार्टरबॅक जखमी, तिसरा पोरगा मैदानात आणि करंडक हाती. हा दाखला समितीच्या स्वतःच्या इतिहासातला होता, म्हणून २०२३मध्ये जे झाले ते अधिक झोंबते.

त्या मोसमात फ्लोरिडा स्टेट अपराजित होते. १८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्ध त्यांच्या क्वार्टरबॅकचा पाय मोडला. पुढच्या शनिवारी दुसऱ्या क्वार्टरबॅकला घेऊन त्यांनी फ्लोरिडाला २४-१५ने हरवले. तोही डोक्याला मार लागून बसला, तेव्हा २ डिसेंबरला नवख्या तिसऱ्याला उतरवून कॉन्फरन्सचा अंतिम सामना लुइव्हिलविरुद्ध १६-६ने जिंकला. बचावफळीच्या जोरावर. १३ सामने, १३ विजय आणि एका बड्या कॉन्फरन्सचे अजिंक्यपद. त्या आठवड्याआधी समितीच्या क्रमवारीत फ्लोरिडा स्टेट चौथे होते, टेक्सास सातवे आणि अलाबामा आठवे.

३ डिसेंबरला नावे जाहीर झाली : मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, अलाबामा. फ्लोरिडा स्टेट पाचवे. बड्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता चार संघांच्या बाद फेरीतून वगळला जाण्याची ही पहिलीच वेळ.

समितीची अडचण खरी होती, हे मान्य करायला हवे. आदल्या दिवशी अलाबामाने पहिल्या क्रमांकाच्या जॉर्जियाला २७-२४ने हरवले होते. अलाबामाला घ्यायचे तर टेक्सासला घ्यावेच लागणार होते, कारण सप्टेंबरमध्ये टेक्सासने अलाबामाला त्यांच्याच मैदानावर ३४-२४ने हरवले होते. आणि अलाबामाला वगळायचे तर देशातल्या सगळ्यात बलाढ्य मानल्या जाणाऱ्या कॉन्फरन्सला एकही जागा नाही. तोवर एकाही मोसमात असे झाले नव्हते. १३०हून अधिक संघ, प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम डझनभर सामने आणि बहुतेकांची आपापसात गाठच नाही. रणजी करंडकाचा गुणतक्ता लागला की वाद मिटतो, तशी सोय इथे नाही. कोणाला तरी तुलना करावीच लागते.

प्रश्न तुलना कशाची करायची, हा आहे. समितीच्या नियमावलीत वेळापत्रकाची काठिण्यपातळी, आपापसातला निकाल, कॉन्फरन्सचे अजिंक्यपद आणि समान प्रतिस्पर्धी यांच्यासोबत आणखी एक कलम होते. महत्त्वाचा खेळाडू किंवा प्रशिक्षक उपलब्ध नसेल आणि त्याचा पुढच्या कामगिरीवर परिणाम होण्याची शक्यता असेल, तर तेही विचारात घेता येईल. समितीच्या अध्यक्षांनी याच कलमाचा आधार घेतला. क्वार्टरबॅकशिवाय हा संघ पहिल्या ११ सामन्यांतला संघ राहिलेला नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

माझ्या मते चूक तिथेच झाली. बाकीचे निकष झालेल्या खेळाकडे पाहतात, हे एक कलम न झालेल्या खेळाकडे. सामने हरलेल्या दोन संघांपैकी कोणाला घ्यायचे, असा पेच असता तर दुखापतीचा विचार समजण्यासारखा होता. पण इथे एका बाजूला एकही पराभव नसलेला विजेता होता. क्वार्टरबॅक गेल्यावरही तो जिंकतो हे त्याने एकदा नव्हे, दोनदा दाखवले होते. उलट, ऑबर्नविरुद्ध अलाबामाला शेवटच्या मिनिटात, चौथ्या प्रयत्नात, ३१ यार्डांवरून टचडाउन करून (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेऊन) २७-२४ असा जीव वाचवावा लागला होता. तो विजय पूर्ण धरला आणि लुइव्हिलवरचा विजय अपुरा. जखमी क्वार्टरबॅकने त्या दिवशी जाहीरपणे लिहिले की पाय मोसमात आधीच मोडला असता तर बरे झाले असते, म्हणजे हा संघ एका खेळाडूपेक्षा मोठा आहे हे सगळ्यांना दिसले असते. विशीतल्या मुलाला आपल्या दुखापतीचे ओझे सगळ्या संघाच्या वतीने वाहायला लावणारा नियम चांगला असू शकत नाही.

समितीच्या बाजूने बोलणारे पुढच्या निकालाकडे बोट दाखवतात. ३० डिसेंबरच्या ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ने हरवले. एवढ्या फरकाने कोणताही बाउल सामना कधी सुटला नव्हता. पण त्या दिवशी मैदानात १३-० करणारा संघ नव्हताच. दोन डझनांहून जास्त खेळाडू गैरहजर होते. कोणी व्यावसायिक लीगच्या तयारीसाठी निघून गेले होते, कोणी दुसऱ्या विद्यापीठात, कोणी जायबंदी. बाद फेरी मिळाली असती तर त्यातले किती जण थांबले असते, याचा विचार केल्याशिवाय तो आकडा पुरावा म्हणून वापरणे अन्यायाचे आहे. तिकडे अलाबामा रोझ बाउलमध्ये जादा वेळेत मिशिगनकडून २७-२०ने हरले आणि मिशिगनने वॉशिंग्टनला ३४-१३ने नमवून विजेतेपद घेतले.

पडसाद मैदानाबाहेरही उमटले. फ्लोरिडाच्या सर्वोच्च विधी अधिकाऱ्यांनी चौकशी सुरू केली, राज्यपालांनी न्यायालयीन लढाईसाठी अर्थसंकल्पात १० लाख डॉलर सुचवले आणि विद्यापीठाने २२ डिसेंबरला आपल्याच कॉन्फरन्सविरुद्ध दावा दाखल केला. त्या दाव्यात तडजोड व्हायला २०२५चा मार्च उजाडला.

१२ संघांच्या बाद फेरीचा निर्णय या वादाआधीच, २०२२मध्ये झाला होता. ती सुरू झाली २०२४ला, फ्लोरिडा स्टेटच्या दृष्टीने एक मोसम उशिरा. आधी सहा कॉन्फरन्स विजेते आणि सहा इतर असे ठरले होते. पश्चिम किनाऱ्यावरची जुनी कॉन्फरन्स फुटल्यावर ते पाच आणि सात झाले. पहिल्या चार मानांकनांवर आणि पुढे चालीवर फक्त कॉन्फरन्स विजेत्यांचा हक्क. या अटीने अंदाज बांधणाऱ्यांची पार दमछाक केली, कारण समितीची क्रमवारी आणि बाद फेरीतले मानांकन या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. क्रमवारीत नवव्या असलेल्या बॉइझी स्टेटला तिसरे मानांकन मिळाले आणि १२व्या असलेल्या ॲरिझोना स्टेटला चौथे. क्रमवारीतले तिसरे आणि चौथे, म्हणजे टेक्सास आणि पेन स्टेट, पहिल्या फेरीपासून खेळले.

पुढे चाल मिळालेले चारही संघ उपांत्यपूर्व फेरीत हरले. नोत्र दामने जॉर्जियाला, पेन स्टेटने बॉइझी स्टेटला आणि टेक्सासने दोन जादा डावांत ॲरिझोना स्टेटला घरी पाठवले. १३-० अशा अव्वल मानांकित ओरेगॉनच्या वाट्याला आले ओहायो स्टेट, क्रमवारीत सहावे पण मानांकनात आठवे. ऑक्टोबरमध्ये ओरेगॉनने याच संघाला एका गुणाने हरवले होते. रोझ बाउलमध्ये मात्र ओरेगॉन ४१-२१ने हरले. दोन पराभव गाठीशी असलेल्या ओहायो स्टेटने २० जानेवारी २०२५ला नोत्र दामला ३४-२३ने हरवून विजेतेपद मिळवले.

मे २०२५मध्ये कॉन्फरन्स विजेत्यांचा पुढे चालीवरचा हक्क काढून टाकला गेला आणि मानांकन थेट क्रमवारीप्रमाणे ठरू लागले. हा नियम वर्षभर आधी असता, तर ओहायो स्टेट सोडतीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात गेले असते. ओरेगॉनची गाठ आधी इंडियाना किंवा बॉइझी स्टेटशी पडली असती आणि ओहायो स्टेट अंतिम सामन्याआधी त्यांच्या वाटेत आलेच नसते.